चार वाजताची दहा मिनिटं

आमच्या वॉर्डच्या मोठ्या बाई रोज दुपारी बरोबर चार वाजता औषधांच्या कपाटामागच्या चिंचोळ्या खोलीत जाऊन बसत. दहा मिनिटं. डोळे मिटलेले, हात मांडीवर. तेवढा वेळ वॉर्ड दुसऱ्या सिस्टरच्या ताब्यात. आमच्या त्या इस्पितळात खाटा कमी, माणसं जास्त. बाकी कुणाला पाणी प्यायलाही सवड नसे.

मी नर्स म्हणून वाशीमहून नुकतीच आले होते आणि सतत पळत असे. बाई अस्सल कसबा पेठेतल्या. मला गावाच्याच नावानं हाक मारत. "अहो वाशीम, पेशंट कुठं पळून जात नाहीत. त्यांना सलाईन लावलंय."

व्यवस्थापकांना बाईंचं बसणं खुपायचं. एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, ध्यान घरी करत जा."

"घरी मी कुणाला इंजेक्शन देत नाही," बाई म्हणाल्या.

मला ते नुसतं तिखट उत्तर वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरातच ती दुपार आली. दोघी सिस्टर रजेवर. सातव्या खाटेवरच्या आजोबांना एकाएकी धाप लागली. डॉक्टर ओरडून औषधाचं नाव सांगत होते, आजोबांची लेक "काहीतरी करा हो" म्हणून माझा दंड ओढत होती. मी कुपी फोडली, सिरिंज भरली, आजोबांच्या हाताशी नेली. तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

"कुपीवरचं नाव वाचा. मोठ्यानं."

"बाई, वेळ नाहीये!"

"वाचा."

मी वाचलं. भलतंच औषध होतं. तशाच दिसणाऱ्या कुपीतलं, शेजारच्या कप्प्यातलं. बाईंनी योग्य कुपी घेतली, नाव मोठ्यानं वाचलं आणि इंजेक्शन दिलं. हळूहळू आजोबांचा श्वास ताळ्यावर आला.

मग बाई मला त्या खोलीत घेऊन गेल्या. आता नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते.

"तुमच्या वयाची असताना माझा हात धरणारं कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "दोन लेकरांची आई होती ती. गेली. तेव्हापासून बसते. आधी तिची क्षमा मागायला बसायचे. नुसतं बसता यायला फार वर्षं गेली."

झाला प्रकार त्यांनी माझ्याकडूनच रजिस्टरात लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी चार वाजता मात्र खोलीत मला पाठवलं आणि वॉर्ड स्वतः सांभाळला. व्यवस्थापक विचारायला आले, तेव्हा बाई दार अडवून उभ्या राहिल्या. "आत सिस्टर कामात आहेत."

निवृत्तीनंतर त्या साताऱ्याला बहिणीकडे निघाल्या. मी स्वारगेटला सोडायला गेले. राहवलं नाही म्हणून खरं ते सांगून टाकलं. "बाई, डोळे मिटले की मला औषधांच्या वेळाच दिसतात. देव काही भेटत नाही हो."

"दमलेलं लेकरू आईच्या कुशीत शिरतं, ते काय गप्पा मारायला?" त्या म्हणाल्या. "टेकायचं फक्त."

गाडी लागली. पिशवी सावरत त्या चढल्या आणि खिडकीतून मला, जा आता, अशी खूण केली. मी गेले नाही. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर तिथल्याच बाकावर बसले. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, माणसं सामान घेऊन धावत होती, आणि त्या गोंगाटात कितीतरी दिवसांनी मला कुठंही पोचायचं नव्हतं.