नंदीशच्या मागचं शेपूट

बेंबळीच्या शाळेत पीटी शिकवणारे अक्रम मास्तर दिसायला मवाळ, बोलायला गोड. पण राग जपावा तर त्यांनीच! वीस वर्षं लोणच्यागत मुरवलाय.

तेव्हा जिल्ह्याच्या सायकल शर्यतीत नंदीश पहिला आला, मास्तर दुसरे. शर्यतीआधी रसवंतीच्या मागं नंदीश मांडीत सुई टोचून घेत होता, ते मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पंचांसमोर बोंबलले. पंच हसले, "हरलेल्याला लई दिसतं, अक्रम." नंदीश राज्याच्या संघात गेला आणि गावात नाव कुणाचं पडलं? सुईवाले अक्रम! टोचणारा मोकळा, बघणाऱ्याला पदवी.

आता नंदीश खताचा मोठा व्यापारी. पोट सुटायच्या वयात चाळिशीवरच्यांच्या शर्यतीत दरसाल पहिला येतो. यंदा धाराशिवला शर्यतीनंतर कुणी ताकदीचं औषध टोचलंय का ते बघायला लघवी तपासणारं पथक येणार, हे कळताच मास्तरांनी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. काम मोठं गोड: नमुना देईपर्यंत विजेत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. जुनं वैर आहे का, हे कुणी विचारलं नाही. मास्तरांनी सांगितलं नाही.

"लोकाची लघवी राखायला नवा शर्ट?" त्यांची बायको जास्मिनभाभी फिस्सकन हसल्या.

"आज ईद हाय माझी," मास्तर म्हणाले.

नंदीश पहिला आलाच. गळ्यात हार पडायच्या आत मास्तर पुढ्यात. "मुबारक हो, शेठ. चला नमुना द्यायला."

नंदीशचं तोंड एवढंसं झालं. फोन गाडीत राहिला म्हणाला, मास्तर मागं. नारळ फोडायचाय म्हणाला, मास्तर मागं. शेपूट तरी कधी हलतं, हे तेवढंही हलेना.

"लागतच न्हाई रे मला."

"पाणी प्या. मला घाई न्हाई. म्या वीस वर्षं थांबलोय."

शेवटी नंदीशनं खांद्यावर हात टाकला. "झालं गेलं जाऊ दे. तुझ्या शाळेला नव्या सायकली देतो."

मास्तरांनी तो हात उचलून बाजूला ठेवला. पथकातल्या डॉक्टरीणबाईंच्या देखत एकेक शब्द चावून नियम सांगितला, "नमुना न देता गेलात तर तो नकार. त्याची शिक्षा औषध सापडल्याएवढीच. कळलं का, शेठ?" मग कानाशी वाकून, "आन् दिलात तर काय निघंल, ते दोघांनाबी ठावं हाय."

नंदीशनं टोपणबंद बाटलीकडं पाहिलं, सायकलवर टांग टाकली आणि पळाला!

मास्तर जागचे हलले नाहीत. "नकार लिहा, मॅडम."

तेवढ्यात मिरवणुकीसाठी नंदीशच्या मेव्हण्यानं बोलावलेले हलगीवाले टेम्पोतून आले. "शेठ कुठायत?"

"त्ये काय, बेंबळीच्या रस्त्याला लागलेत. वाजवत जावा मागं!"

हलगी कडाडली. दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली. पुढं घामाघूम नंदीश, मागं त्याचीच हलगी. तो जोर लावी, तशी हलगीवाल्यांनाही चेव येई.

मास्तर मैदानाच्या गेटात उभे राहून आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिले.

"अजून जोरात वाजवायला पायजे हुती," म्हणाले.