मागच्या सीटखालचा स्विच

क्षमा वगैरे मला जमत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. मी शाळेत गणित शिकवते. पोरांची चुकलेली उत्तरं मी संध्याकाळपर्यंत विसरते, पण माझ्या बाबांना कोण हसलं ते विसरत नाही.

हसले होते ते माझे भावजी, ताईचे यजमान. सत्तावीस वर्षांपूर्वी, स्वतःच्याच वरातीत. बाबांकडे एक जुनी विलायती मोटार होती, काळी, गोल डोळ्यांची, वयाने त्यांच्याहून थोडीच लहान. बाबा हैदराबादला जामबागेतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि दर रविवारी ती गाडी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. थोरल्या लेकीची वरात याच गाडीतून निघणार, हे त्यांनी ताई दहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

त्या गाडीची वीज सहा व्होल्टची, आताच्या गाड्यांच्या निम्मी. बॅटरी भरायला डायनामो होता, पण तो गाडी बऱ्यापैकी पळाली तरच काम करायचा. वरात कुठे पळते? नारायणगुड्याच्या कार्यालयापासून बरकतपुऱ्याला वरपक्ष उतरला होता त्या जानोशापर्यंत आम्ही बँडच्या मागे रांगत निघालो होतो. दिवेलागण झाली म्हणून हेडलाइट लावलेले. पुढे बाबांच्या शेजारी नवरदेवाचा एक पुण्याचा मित्र बसला होता, तो हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हता. बाबांनी त्याला दोनदा सांगितलं, "अहो, बॅटरी बसेल." वरपक्षाच्या माणसाला तिसऱ्यांदा कसं सांगणार? दिवे पिवळे झाले, मग तांबूस झाले, मग गेले. इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली.

मी तेव्हा सतरा वर्षांची. करवली म्हणून मागे ताईला चिकटून बसले होते. बाबांनी स्टिअरिंग त्या मित्राच्या हाती दिलं, उतरले, गळाबंद कोटाची वरची दोन बटणं सोडली आणि गाडीला हात लावले. आमची माणसं सगळी मागे कार्यालयात आवराआवरीत, आणि वरातीत होते ते सगळे वरपक्षाचे. एकही पुढे आला नाही. भावजींनी मुंडावळ्या सावरत खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "काय हो सासरेबुवा, फिजिक्सचे प्राध्यापक ना तुम्ही? मग ही ढकलगाडी कुठून पैदा केलीत?"

सगळे हसले. बँडवालेही हसले. ताई खाली बघत राहिली आणि मी पावलं मोजत राहिले, कारण रडू आलं की मी मोजते. चाळीस झाली. मग शेजारच्या गल्लीतली ओळखीची माणसं धावत आली आणि त्यांनी बाबांना बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी गाडीवर ताडपत्री पडली आणि किल्ली देवघराच्या खणात गेली. बाबा त्यानंतर कॉलेजला बसने जायचे. भावजींना मात्र आयुष्यभर पुरेल असा किस्सा मिळाला. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तेच, "मग, ढकलगाडी काय म्हणते?" त्याच दमात माझ्या मराठीची टिंगल, की तुम्ही हैदराबादची माणसं 'हो'ला 'हौ' म्हणता. बाबा दर वेळी हसायचे. माझ्या अंगाची लाही व्हायची. मीही दर वेळी सुनवायची, "चाळीस पावलं ढकलली माझ्या बाबांनी. तुम्ही एक तरी ढकलली असतीत का?" मग ताई माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात न्यायची. सत्तावीस वर्षं आमची दिवाळी ही अशी.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, हैदराबादचा, म्हणून लग्नही इथेच. तिचा फोन आला, "मावशी, मला आबांची विंटेज कार हवी. प्लीज! काय कमाल फोटो येतील! आणि ड्राइव्ह डॅडच करणार म्हणतायत."

"डॅडच करणार?" मी विचारलं.

"हो ना, त्यांनी शेरवानीपण शिवायला टाकलीये."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की फोन ठेवल्यावर मलाच हसू आलं. उट्टं काढायची वेळ चालून आली होती, तीही शेरवानी घालून.

नारायणगुड्यात गाड्यांचं वायरिंग करणारे एक म्हातारे उस्ताद आहेत, त्यांना घरी आणलं. ताडपत्री निघाली तेव्हा बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टण हात लावताच भुगा होऊन पडत होतं. उस्तादांनी सगळं उपटून काढलं. सहाऐवजी बारा व्होल्टची बॅटरी, डायनामोच्या जागी गाडी हळू चालली तरी वीज देणारा आल्टरनेटर, नव्या वायरी, नवे फ्यूज, दिव्यांचे नवे बल्ब. पहिल्या दिवशी बाबा पेपर वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची गाडीजवळ ओढली. तिसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस हातात बॅटरीचा टॉर्च घेऊन उस्तादांना कुठली वायर कुठे जाते ते शिकवत होता, आणि उस्ताद "हौ साब, हौ साब" करत ऐकून घेत होते. चौथ्या दिवशी देवघरातली किल्ली त्यांच्या खिशात होती.

"आता रांगत गेली तरी बसणार नाही बघ," ते मला म्हणाले. किती वर्षांनी मी त्यांचा तो वर्गात शिकवतानाचा आवाज ऐकला. तिथेच थांबायला हवं होतं मी.

पण मी उस्तादांना म्हटलं, "एक छुपा स्विच भी लगाओ. पीछे की सीट के नीचे. दबाए तो गाडी बंद होना."

"बॅटरी काटे तो बी इंजिन चलताइच रैता मॅडम, आल्टरनेटर है ना अब," ते म्हणाले. "कॉइल का वायर काटना पडता. चोरां के वास्ते क्या?"

"हौ," मी म्हटलं, "एकीच चोर है."

सीटखाली उजेड पोचत नव्हता म्हणून बाबांनी टॉर्च धरला होता. "वायर जरा सैल ठेवा, ताण नको," एवढंच म्हणाले.

लग्न झालं. वरातीला पाठराखीण म्हणून मावशीच हवी, असा हट्ट मी ताईकडे आधीच धरला होता. भाची, तिचा नवरा आणि मी मागे, मी डाव्या खिडकीशी, स्विचच्या बरोबर वर. पुढे स्टिअरिंगवर मोतिया रंगाच्या शेरवानीत भावजी. त्यांच्या शेजारी बाबा, तोच गळाबंद कोट घालून. हेडलाइट असे लख्ख, की पुढचे बँडवाले वळून वळून बघत होते. भावजी हॉर्न मारत होते. बाबांनी या खेपेला अडवलं नाही, उलट म्हणाले, "वाजवा वाजवा, काही होत नाही." ताठ बसले होते अगदी.

चौकाच्या अलीकडे, जिथे सगळ्यात जास्त मोबाइल उगारलेले होते, तिथे मी पायातलं पैंजण नीट करायला म्हणून वाकले आणि स्विच दाबला.

इंजिन गप्प झालं. भावजींनी स्टार्टर मारला, पुन्हा मारला. नुसती घरघर. दिवे तसेच लख्ख. मागून कुणीतरी ओरडलं, "धक्का द्या!" भावजी उतरले. एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या खांबाला, आणि ढकलायला लागले. शेरवानी काखेत ताणली गेली. लोक हसले. काय सांगू, किती बरं वाटलं! मी मोजायला सुरुवात केली. चाळीस होईपर्यंत स्विचला हात लावायचा नाही, हे मी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं.

अकराव्या पावलाला पुढचं डावं दार उघडलं आणि बाबा उतरले.

"आबा, तुम्ही नका ना!" भाची ओरडली.

"जावई गाडी ढकलतायत आणि मी आत बसून राहू?" बाबा म्हणाले. "बरं दिसतं का ते? जावई आहेत ते आपले." आणि त्यांनी कोटाची वरची दोन बटणं सोडली, माझ्या खिडकीच्या पुढच्या खांबाला दोन्ही हात लावले आणि ढकलू लागले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात जावयाला पाण्याचा पेला स्वतः घेऊ देत नाहीत, हे जन्मभर बघत आले मी. तरी डोक्यात आलं नव्हतं. त्याहून वाईट सांगते. मी तेव्हाही थांबले नाही. भावजींचा चेहरा लाल झाला होता, लोक हसत होते, आणि मला ते सगळं हवं होतं, पुरतं हवं होतं. बारा. तेरा. चौदा. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. पंधरा. त्यांचे हात माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, शिरा फुगलेले.

सोळाव्या पावलाला ते खिडकीशी वाकले. रागावले नव्हते. भाचीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "अजून चोवीस ना, बेटा?"

मी सीटखाली हात घातला.