पन्नास पावलं

डॅरिलच्या दुकानात मर्ल पॅस्कोने जमिनीतलं सोनं शोधायची तीन मशिनं पाहिली, आणि तिन्ही वेळा त्याने बटण दाबलं रे दाबलं की मर्ल चार पावलं मागे सरकली. तिसऱ्या वेळी तर गळांच्या मांडणीलाच जाऊन टेकली. दुकान अर्धं मासेमारीचं आणि अर्धं सोनं शोधणाऱ्यांचं. कॅलबी गावात तेवढंच चालतं, दोन्हींत माणसं आशेवर जगतात आणि रिकाम्या हाताने घरी येतात.

मर्ल बहात्तर वर्षांची होती. तीस वर्षं तिने शाळेच्या खाऊच्या खिडकीत खिमा भरलेले गरम पॅटिस विकले, त्यामुळे गावातल्या निम्म्या बाप्यांना ती अजून ‘सॉस नीट पूस’ असं सांगू शकत होती. डॅरिल त्यांतलाच एक. तिचा नवरा क्लॅरी रस्ते सपाट करणारी गाडी चालवायचा, आणि शनिवार-रविवार सोनं शोधायला रानात जायचा. चाळीस वर्षांत त्याने जे शोधलं ते जॅमच्या एका बरणीच्या तळाशी मावलं असतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कुणालाही वाटावं की खाण याच्याच मालकीची. मागच्या वसंतात तो गेला. त्याचं ते सात-आठ हजार डॉलरचं भारी मशीन मुलगा, नेव्हिल, पश्चिमेकडे घेऊन गेला. तो रविवारी फोन करतो. हवापाण्याचं बोलून झालं की दोघंही फोन ठेवतात.

आता मर्लला स्वतःचं मशीन हवं होतं. सोन्यासाठी नव्हे. तिला त्या जागी जायचं होतं.

ती जागा म्हणजे बार्कर्स घळ. गावापासून गाडीने दहा मिनिटं, दोन्ही बाजूंना काळ्या सालीची झाडं, मध्ये लाल माती, आणि जुन्या काळच्या खणाऱ्यांनी उपसून टाकलेले पांढऱ्या दगडांचे ढीग. क्लॅरी तिथे असला की मर्ल साडेदहाला चहाचा थर्मास आणि मटणाचं सँडविच घेऊन जायची. वाटेत तोडलेल्या झाडाचा एक बुंधा होता. तिथवर पोचली की क्लॅरी मान वर न करता तळहात उभा करायचा. म्हणजे तिथेच थांब. कानाला हेडफोन, नजर जमिनीवर. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याने तिला समजावून सांगितलं होतं की मशीन नाजूक असतं, माणूस जवळ आलं की आवाज बिघडतो, पन्नास पावलं अंतर हवं. मर्लने ते देववाक्य मानलं. थर्मास बुंध्यावर ठेवायचा, हात हलवायचा, परत फिरायचं. गावातल्या सोनं शोधणाऱ्यांच्या नव्या बायकांना हा नियम तिनेच शिकवला, आणि जरा ऐटीतच शिकवला.

तो गेल्यानंतर ती दोनदा त्या बुंध्यापर्यंत गेली. पुढे पाऊल टाकवेना. मशीन हातात असलं तर पलीकडे जायचा हक्क मिळेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मन म्हणजे काय, एकटं राहिलं की काहीही घेतं.

डॅरिलने पहिलं दाखवलं ते चारशे डॉलरचं. त्यावर पडदा, पडद्यावर खिळ्याचं, नाण्याचं आणि अंगठीचं चित्र. समुद्राकाठच्या वाळूत हरवलेल्या अंगठ्या शोधायला बरं आहे, तो म्हणाला, पण आपल्या मातीत लोह इतकं की बिचारं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोंबलत राहील. दुसरं जुनं, वापरलेलं, बाराशेचं. ते हातभर खोल जातं, पण त्याची बॅटरी पाठीवर बांधावी लागते. मर्लने ते उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. तिसरं साडेआठशेचं होतं. हलकं, पुढे बशीएवढी गोल थाळी, बारीक सोन्यासाठीच बनवलेलं, वीतभर खोलीपुढे मात्र बहिरं. डॅरिलने लाल मातीच्या ट्रेमध्ये शिशाचा छर्रा पुरला आणि थाळी वरून फिरवली. मशीन चिमणीसारखं चिवचिवलं.

“नवशिक्यांसाठी हेच,” तो म्हणाला. “फक्त हे खिळे गाळायचं बटण आहे ना, त्याला हात लावायचा नाही. खिळ्यांबरोबर बारीक सोनंही गाळतं ते. सगळे नवे लोक शांतता हवी म्हणून हेच दाबतात, आणि मग वर्षभर शांतताच ऐकत बसतात. या, धरून बघा. मिसेस पॅस्को, तुम्ही सारख्या मागे का जाताय?”

“चालू आहे ना ते,” मर्ल म्हणाली.

“मग?”

“माणूस जवळ आलं की बिघडतं ना.”

डॅरिल हसला. “माणसाने काय होतंय त्याला? दुसरं चालू मशीन जवळ आलं तर किरकिरतं. नाहीतर लोखंडी टोकाचे बूट घालून कुणी थाळीखालीच पाय घातला तर. नुसतं माणूस खेटून उभं राहिलं तरी त्याला पत्ताही लागत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?”

मर्ल मागची गळांची मांडणी सरळ करू लागली. पण कॅलबी लहान गाव आहे. चाळीस वर्षं थर्मास घेऊन जाणारी तिची पांढरी गाडी डॅरिलने खाऊच्या खिडकीत हात पुरत नव्हता तेव्हापासून पाहिली होती. तो लाल झाला.

“क्लॅरीचं मशीन जरा वेगळं होतं म्हणा,” तो म्हणाला. “ती जुनी मशिनं... असेलही तसं.”

“असेल,” मर्ल म्हणाली. “हेच दे. तिसरं.”

घरी येऊन तिने खोकं टेबलावर ठेवलं आणि कोट न काढता बसून राहिली. क्लॅरीच्या बाजूने तिने बरीच वकिली केली. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल. पूर्वी खरंच तसं असेल. मग तिला टफी आठवली. टफी त्यांची कुत्री. गळ्यात पितळी बक्कल, त्याला लोंबणारा बिल्ला, आणि बसायची कुठे तर क्लॅरीच्या बुटांपाशी. तिच्यामागे आलेल्या दुसऱ्या कुत्रीचंही तेच. कुत्र्यांना पन्नास पावलांचा कायदा नव्हता. मर्लने बुंध्यापाशी उभं राहून हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि एकदाही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिला राग आला. मेलेल्या माणसावर रागावण्यासारखं एकटेपण नाही, कारण भांडायला समोर कुणी नसतं आणि समजूत काढायलाही. तो वाईट नवरा नव्हता. घरी बोलायचा, भांडी पुसायचा, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात खुर्चीत झोपला होता. मग रानात ती का नको होती? हा एकच प्रश्न तिला आता विचारायचा होता, आणि ज्याला विचारायचा तो चर्चमागच्या टेकडीवर झोपला होता.

शनिवारी ती बार्कर्स घळीत गेली. बुंध्यापाशी थांबली, मग मशीन चालू करून पुढे निघाली आणि पावलं मोजली. अठ्ठेचाळीस भरली. तिथे एक चपटा दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. त्यावरून बुंधा अगदी समोर दिसत होता. म्हणजे त्याला ती दिसत होती. तिला यात बरं वाटावं की वाईट, हेच कळेना. त्या दिवशी तिला तीन खिळे, एक बंदुकीची गोळी आणि घोड्याच्या नालेचा तुकडा मिळाला. खड्डे बुजवून, कचरा खिशात घालून ती परत आली. खड्डा उघडा टाकणाऱ्याला या गावात चोरापेक्षा खालचा मानतात.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. खिळे, छर्रे, आणि रात्री घरी जेवायला टोमॅटो सूपचा एक डबा. घळीत बोलायला कुणी नव्हतं आणि घरीही नव्हतं, पण घळीत निदान मशीन गुणगुणत होतं.

तिसऱ्या शनिवारी तिला हेडफोनमध्ये वेगळाच आवाज ऐकू आला. खिळ्यासारखा करकरीत नाही, अगदी मऊ, जमिनीच्या आतून कुणी हळूच नाव घ्यावं तसा. ती थांबली. थाळी आडवी फिरवली, मग उभी. होता. पुन्हा होता. श्वास टाकला तरी निसटेल असं वाटत होतं. गुडघा दुखत नव्हता, नेव्हिल नव्हता, रिकामं घर नव्हतं. क्लॅरीही नव्हता. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणी नको होतं.

तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात निळा कोट हलला, आणि मर्लचा तळहात आपोआप वर गेला. मान मात्र वर झाली नाही.

मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. तो क्लॅरीचा हात होता. तीच उंची, तीच चिकटलेली बोटं.

बुंध्यापाशी शेजारची ग्लेनिस उभी होती. ग्लेनिस बोलायला लागली की कुंपणापलीकडची लिंबं पिकून पडतात, पण आता तिच्या तोंडातून अक्षर निघत नव्हतं. पन्नास पावलांचा नियम तिला पंचवीस वर्षांपूर्वी मर्लनेच शिकवला होता. तिने टॉवेलात गुंडाळलेले स्कोन्स, म्हणजे चहाबरोबर खायचे घरचे गोडसर पाव, बुंध्यावर ठेवले, हात हलवला आणि वळली.

त्या पाठीकडे मर्ल पाहत राहिली. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. क्लॅरीला ती चाळीस वर्षं दर शनिवारी दिसत होती. त्याला ती नको होती असं नाही. तो त्या आवाजात असायचा, एवढंच. हे आता मर्लला कळलं, आणि त्याला आतून माफही करता आलं. पण हेडफोन काढून एक हाक मारायला काय लागतं, हेही कळलं. काहीच लागत नाही. तेवढं त्याने एकदा केलं असतं तर.

तिने हेडफोन काढले. मऊ आवाज बंद झाला आणि झाडांतल्या कावळ्यांचा सुरू झाला.

“ग्लेनिस!”

ग्लेनिस वळली, पण जागची हलली नाही.

“ये की इकडे.”

“नको बाई. तुझं मशीन बिघडेल.”

“नाही बिघडत,” मर्ल म्हणाली. तिचा आवाज फुटला, तो तिने सावरला नाही. “मी चुकीचं सांगितलं होतं तुला. माणसाने काही होत नाही त्याला. स्कोन्स घे आणि ये.”

ग्लेनिसने टॉवेल उचलला. तरीही पहिली काही पावलं ती दबकत, चवड्यांवरच चालत आली. मर्ल दगडावर एका कडेला सरकून बसली.