साहेबांपुढं गायब झालेली अळी

तिसरं गुंडाळलेलं पानही रिकामं निघालं, तेव्हा आमचे तालुक्याचे साहेब हसले. साहेब हसले की मला घाम फुटतो.

"कुठंय तुमची अळी? रजेवर गेली का?"

मी कृषी सहायक. मंठ्याजवळच्या एका गावात तुरीवर पानं गुंडाळणारी अळी पडल्याचा रिपोर्ट मीच पाठवला होता. एका चिमुकल्या तपकिरी पतंगाची ही अळी. तुरीच्या शेंड्याची पानं धाग्यानं चिकटवून पुंगळी करते आणि आत बसून निवांत खाते. फवारलेलं औषध आत नीट पोचत नाही. म्हणून गुंडाळलेले शेंडे खुडून नष्ट करा, असं मी गावाला सांगून बसलो होतो.

साहेबांनी आणखी दोन पुंगळ्या उघडायला लावल्या. आत काळी विष्ठा होती, अळी नव्हती.

"फोटो नाही म्हणजे रिपोर्ट खोटा. उद्या मेमो काढतो. आणि गावाला सांगा, शेंडे खुडत बसू नका, जी काय कीड असेल तिच्यावर सरसकट फवारा."

मेमो एक वेळ पचवला असता. पण गावापुढं तोंडघशी पडायची मला भयंकर लाज वाटत होती.

शेताच्या मालकीणबाई, गयाबाई, बांधावर बसून हा तमाशा बघत होत्या. त्या उठून आल्या.

"भाऊ, तुम्ही लई दणक्यात उघडून राह्यले. ती उलटी सरकती अन् टपकन खाली पडती. आधी खाली हात धरा, मंग उघडा."

हे मी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. साहेबांनीही घेतले असतील.

गयाबाईंनी एक शेंडा खुडला, साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि हलकेच सोडवला. फिकट पिवळी अळी वळवळत मागं सरकली आणि थेट साहेबांच्या बाहीत शिरली. साहेब तुरीत नाचायला लागले.

"अवो सायेब, एवढ्या जल्दी कुठं निघाले? फोटू न्हाई काढायचा का?"

बाही झटकल्यावर फोटो निघाला. मेमो काही आला नाही. गावानं शेंडे खुडले, अळी आटोक्यात आली, शिवाय खुडल्यामुळं तुरीला फांद्याही जास्त फुटल्या. मी तेव्हापासून पानाला हात लावण्याआधी शेतवाल्याला विचारतो.

साहेबांनी वरच्या ऑफिसला स्वतः लिहून कळवलं, 'प्रत्यक्ष पाहणीत अळी आढळली.' कुठं आढळली, ते मात्र लिहिलं नाही.