मुकादमाची खेळणी

स्वतःच्या दोन्ही पोरांना जत्रेतली साधी पिपाणीही न घेतलेला, पण कुत्र्याच्या मनाला विरंगुळा म्हणून सात खेळणी बनवणारा माणूस घाटनांदुरात एकच असेल, आणि ते माझे धाकटे दीर निघावेत हे माझं नशीब. मला याद्या करायची सवय आहे. डाळी, औषधं, कुणाकडे गेलेले डबे, सगळं वहीत असतं. गेल्या हिवाळ्यात त्यात हरवलेल्या वस्तूंचं एक पान वाढलं: एक पायमोजा, पायपुसणं, लाटणं. पान भरत आलं तेव्हा भाऊजींच्या ओसरीवर गेले, तर सगळा माल तिथेच, दाताच्या खुणांसकट.

कुत्रं मूळचं त्यांचं नव्हे. शेजारचं जोडपं दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जातं, त्यांचं. कामाच्या वेळी लांब बसून नुसतं बघतं, म्हणून त्यांनीच त्याचं नाव मुकादम ठेवलेलं. एरवी ते टोळीबरोबर जायचं, पण गेल्या खेपेला ट्रॅक्टरमध्ये जागा नव्हती. निघताना शेजारीण भाऊजींना म्हणाली, "मामा, आमी येऊस्तोवर जित्तं ऱ्हाऊ द्या म्हंजी झालं." भाऊजींनी मान हलवली. एकदा मान हलवली की हा माणूस मागे हटत नाही.

मुकादम मात्र ट्रॅक्टर गेला त्या वळणावर जाऊन बसला. चार दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. भाऊजींनी त्याला पोत्यावर घालून अंबाजोगाईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात काही दोष नाही, त्याला करमत नाहीये. परत येऊन भाऊजींनी मला सुनावलं, "वैनी, दुखणं मनाचं हाय, मग औषध बी मनाचंच पायजे. बिनकामाचा बैल दावणीला खंगतो, ह्ये तर कुत्रं हाय."

पहिलं औषध माझा पायमोजा. त्यात भाकरीचे तुकडे कोंबून वर गाठ. मुकादमानं तासभर हुंगलं, मग पंजानं लोटलं, मग गाठीशी झुंजता झुंजता अर्धी भाकरी त्याच्या पोटात गेली. शेजारणीच्या जुन्या लुगड्याची गुंडाळी केली, तर तिच्यावर हनुवटी टेकून तो आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपला. मग बैलाच्या कासऱ्याच्या गाठी आल्या, भोकं पाडलेली बाटली आली. रोज एकच खेळणं बाहेर, बाकीची पेटीत. "रोज पुरणपोळी दिली तर कुनाला गोड लागंल?" हे त्यांचं शास्त्र. मी हसले, पण वेळापत्रक मीच लिहून दिलं.

घोटाळा सोमवारी झाला. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत, म्हणून भाऊजींनी मुकादमालाही सुट्टी दिली. पेटी बंद. दुपारपर्यंत त्यानं दोन चपला, झाडू आणि माझी वही फाडली, आणि संध्याकाळी पुन्हा त्या वळणावर जाऊन बसला. भाऊजी त्याच्या शेजारी रस्त्यातच उकिडवे बसले. म्हणाले, "चुकलं बे माझं. तुला कावून सुट्टी? तू काय नांगर वडतूस?" सोमवार रद्द झाला. वही मी नवी घातली.

उन्हं तापायला लागली आणि टोळी परतली. मुकादम असा धावला की त्याची शेपटी कुठली आणि तोंड कुठलं कळेना. भाऊजी पेटी घेऊन गेले आणि कोणत्या दिवशी काय द्यायचं ते सांगू लागले. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. "मामा, आमच्या लेकराला न्हाईत इतकी खेळणी! आता आमी आलाव न्हवं, त्येला आनि काय लागतंय?" भाऊजींनी पेटी पुन्हा काखेत मारली. पेटीतली बाटली तेवढी तिच्या लेकराला देऊन आले.

"जित्तं दिलं, सुटलो," असं ते चार जणांना सांगत फिरले. मुकादम आता कुंपणापलीकडूनच शेपूट हलवतो. मी एकदा म्हटलं, हाक तर मारा. "नगं वैनी. आत्ता कुठं त्येची मानसं त्येला घावलीत."

दुसऱ्याच्या मुलखात जाऊन ऊस तोडायची पाळी कुणावर येऊ नये, असं भाऊजी नेहमी तावातावानं बोलतात, आणि ते मनापासून असतं. पण परवा मी ज्वारी निवडत असताना ओसरीवर आले, उगीच दोन खडे वेचले आणि मान वर न करता विचारलं, "दसऱ्याला किती दिस हायेत वो?"

मी कॅलेंडर न बघताच आकडा सांगितला.