शेडमधला गोल्फ

हिरवळीवर पाऊल न टाकता गोल्फपटू झालेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच सापडेल, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. नव्वदच्या दशकात ते लोणी देवकरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते आणि राहायला इंदापुरात. मी बारामतीला शाळेत गणित शिकवायचो. दाजींना कुठलीही गोष्ट थोडी आवडत नसे. कुणी सांगितलं की कारल्याचा रस साखरेच्या आजारावर चांगला, तर आजार नसताना ते वर्षभर रस पीत राहिले आणि घरी येणाऱ्यालाही पाजत राहिले. बागेत पपई लावली ती इतकी, की शेवटी पाहुणे पपईच्या भीतीनं रात्र पडल्यावर येऊ लागले. असल्या माणसाला कंपनीनं एक यंत्र बघायला म्हणून जपानला पाठवलं. ज्यांना पाठवायचं होतं ते साहेब ऐन वेळी आजारी पडले, एवढंच निमित्त. जपानात त्यांनी पुष्कळ काही पाहिलं असणार, पण परत आल्यावर बोलले ते फक्त एका तळघराबद्दल.

त्या तळघरात भिंतभर पडदा होता, पडद्यावर हिरवंगार मैदान, आणि पडद्यासमोर काठीनं चेंडू मारला की मशीन सांगायचं, खऱ्या मैदानात हा एवढा लांब गेला असता. शेजारी एक शिकवणारा उभा होता. त्यानं दाजींचं कोपर दोन बोटांनी धरून जरा आत घेतलं आणि पुढचा चेंडू, दाजींच्या भाषेत, "डोंगर वलांडून" गेला. जपानी साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुभाष्यानं वर ऐकवलं की हा खेळ मुळात परदेशातल्या मेंढपाळांनी काढला. झालं! दाजींच्या आज्यापर्यंत सगळं घर मेंढरं राखणारं. "म्हंजे आमचाच की वो खेळ, मास्तर! आमी काठी घिऊन मेंढरामागं हिंडलो, त्यांनी चेंडूमागं. एवढाच काय तो फरक." जपान्यांनी भेट दिलेली एक काठी आणि डझनभर चेंडू घेऊन ते पुण्याहून एस.टी.नं आले. कंडक्टरनं घोंगडीतून डोकावणारी काठी बघून विचारलं, "काय हाय ह्ये? नळाचा पाना?" दाजी म्हणाले, "खेळ हाय." कंडक्टर म्हणाला, "खेळाला लगेज लागतंय," आणि तिकीट फाडलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या रात्री जेवून उठल्यावर दाजी मला एक वेगळी गोष्ट बोलले. कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पुण्याचे साहेब आले की इंग्रजीत बैठक व्हायची आणि दाजी मागच्या खुर्चीवर बसून राहायचे. माहीत असलेलं उत्तरसुद्धा ओठांवर अडायचं. पुण्याला साहेबलोक दरवर्षी एकदा गोल्फला जमायचे आणि ज्याला खेळता येतं त्यालाच बोलावणं असायचं. "मास्तर, त्या तळघरात मला कुणी इंग्रजी इचारलं न्हाय. काठी हातात होती, बास. एकदा, फकस्त एकदा, साहेबांच्या रांगंत हुबं राहून एक चेंडू मारायचा हाय." दाजींनी मागितलेलं एवढंच.

मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जपान उभं राहू लागलं. मांडववाल्याचं जुनं पांढरं कापड आलं. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला मैदान काढायला सांगितलं. त्यानं गोल्फचं मैदान जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं दोन डोंगर काढले, मधे उगवता सूर्य, तळं, तळ्यात बदकांची जोडी, आणि दोन्ही कडांना नारळाची झाडं. दाजी म्हणाले, "अरे, नारळ कशाला?" पेंटर म्हणाला, "मोकळं लई दिसत हुतं, साहेब." पडद्याच्या मागं, चेंडू अडायला म्हणून, पळसदेवच्या मच्छीमारांकडून उजनी धरणावरचं जुनं जाळं आणून टांगलं. त्याचा वास काही केल्या गेला नाही आणि आळीतली सगळी मांजरं गोल्फची शौकीन झाली. खाली काथ्याचं पायपुसणं. बाजूला ताईंच्या कपाटाचा आरशाचा दरवाजा, खांदा नीट वळतो का बघायला. ताई तेव्हापासून हातआरशात बघून कुंकू लावत होत्या. राहिलं मशीन. ते आणणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मशीन तुमी व्हा."

मी मशीन झालो. दर रविवारी बारामतीहून सणसरवरून जाणारी एस.टी. धरायची, इंदापूरला उतरायचं आणि पडद्याच्या कडेला स्टुलावर बसायचं. दाजी चेंडू गेरूत बुडवून मारायचे. पडद्यावर तांबडा ठिपका उमटायचा. ठिपका किती उंचीवर, मधल्या रेघेपासून किती बाजूला, हे बघून मी कोन काढायचा आणि यार्ड जाहीर करायचे. कोन निघायचा, वेग कसा निघणार? तो मी पडद्याच्या आवाजावरून ठरवायचो. म्हणजे खरं सांगायचं तर निम्मं गणित आणि निम्मा अंदाज. शिकवणाराही मीच. शिकवण्यासाठी मला येत काय होतं? काहीच नाही. दाजी जपानची आठवण सांगायचे आणि मी तीच त्यांना हुकूम म्हणून परत द्यायचो. "दाजी, कोपर आत." "दाजी, मान हलली." मान हलू नये म्हणून त्यांनी टोपीला सुतळी बांधून ती वरच्या लोखंडी नळीला अडकवली होती. मान हलली की टोपी वर लटकायची आणि दाजी खाली बोडके. काखेत फडकं धरायचं, ते पडलं की फटका बाद. हे फडकं एकदा ताईंनी पोळ्यांच्या डब्यातलं म्हणून शोधलं, तेव्हा ते दाजींच्या काखेत होतं. त्या दिवशी भात झाला.

काठी फिरवण्याच्या त्या ढबीला ते 'स्विंग' म्हणत आणि तो त्यांच्या अंगात चोवीस तास असायचा. कारखान्यात नकाशाची गुंडाळी हातात आली की स्विंग. एस.टी. स्टँडवर छत्रीनं स्विंग. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अक्षता अशा कमरेतून वळून टाकल्या की नवरदेव सोडून फोटोग्राफर न्हाला. शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात एकदा पत्र्याच्या फटीतून चेंडू गेला आणि पिंपावर आदळला. म्हैस बिथरली, बादली लाथाडली. तात्या चेंडू घेऊन दारात. "पावणं, ही अंडी तुमच्यातली का?"

"व्हय तात्या, द्या हिकडं."

"आदी म्हशीची माफी मागा. सकाळच्याला दूध तुमी देणार हाय का?"

दुसऱ्या कुणी भांडण काढलं असतं. दाजी खरंच गोठ्यात गेले, म्हशीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "चुकलं बाई, कोपर भाईर गेलं." तात्या हसून हसून खाली बसले आणि पुढं आठवडाभर दूध त्यांनीच फुकट पाठवलं.

आता मला सांगायचं ते सांगतो. पहिले काही रविवार मी खरं बोललो. मला वाटेल तसं खरं. "साठ यार्ड, दाजी." "पन्नास असेल." दाजी मान डोलवायचे, पण जेवायला बसले की भाकरी कुस्करून ठेवायचे. ताईंनी एकदा मला वाढता वाढता हळूच सांगितलं, "भाऊजी, जरा बरं काईतरी बोलत जावा. आठवडाभर माणूस घरात धड बोलत न्हाय." मी पुढच्या रविवारी साठाचे नव्वद केले. दाजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. पण सगळं ताईंवर ढकलणं बरोबर होणार नाही. माझं आणखी एक कारण होतं. मनाजोगता आकडा आल्याशिवाय दाजी थांबत नसत आणि बारामतीची शेवटची गाडी मला गाठायची असायची. संध्याकाळ झाली की मी आकडे चढवायला लागायचो. एकशे वीस. दीडशे. दोनशे जाहीर केले तेव्हा दाजींनी मला मिठी मारली आणि मी त्यांच्या खांद्यावरून घड्याळ बघितलं.

दोन वर्षं गेली असतील. एका उन्हाळ्यात उजनीचं पाणी पार मागं हटलं. धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ बुडापासून उघडं पडलं आणि त्याच्या अलीकडं नजर जाईल तिथवर मोकळी जमीन. दाजी मला बघायला घेऊन गेले. सुकलेल्या गाळावर कोवळं गवत आलं होतं. दाजी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मास्तर, ह्ये बघा. जपानला पडद्यावर दावत हुते, त्ये देवानं हितं अंथरून ठेवलंय. पुढच्या ऐतवारी काठी घिऊन यायचं. पुण्याला जायच्या आदी एकदा उघड्यावर बघू की दोनशे कसं दिसतंय."

दोनशे कसं दिसतं ते तिथं दिसलंच नसतं. मी म्हणालो, "दाजी, गाळात चेंडू रुततील. आहेत ते डझनभर तेवढेच. आणि हात बसल्याशिवाय उघड्यावर मारलं की स्विंग बिघडतो. पुस्तकात स्पष्ट म्हटलंय." असलं कुठलंही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. ताई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, एक मारून बघितला तर काय हुतंय?" दाजींनी त्यांना गप्प केलं. "मास्तर गणिताचे हायेत. उगं बोलायचे न्हाईत." आम्ही मच्छीमारांकडून चिलापी मासे घेतले आणि परत फिरलो. दाजी गाडीत बसेपर्यंत दोनदा मागं वळून बघत होते.

पुण्याचं बोलावणं त्याच साली आलं. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे गोल्फ कोण खेळतं? मागच्या खुर्चीवरून दाजींनी हात वर केला. कधी नव्हे तो वर केला. किती जातो म्हणून विचारल्यावर दाजी इंग्रजीतच म्हणाले, "टू हंड्रेड, सर." पांढरे बूट घेतले. मला बरोबर चला म्हणाले. मी शाळेत तपासणी आहे म्हणून सांगितलं. तपासणी नव्हती.

पुढचं मला त्यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. पहिला चेंडू समोरच्या गवतात घरंगळला. दुसऱ्या वेळी नुसती ढेकळं उडाली. तिसरा उडाला, बाजूला जाऊन पडला, साठेक यार्डांवर. कुणीही हसलं नाही. साहेबांनी जपान्यांसारख्याच टाळ्या वाजवल्या आणि एकानं अगदी प्रेमानं विचारलं, "पहिल्यांदाच का?" आणि आमचे दाजी, सुतळीला टोपी बांधून दोन वर्षं उभे राहिलेले दाजी, म्हणाले, "व्हय, साहेब."

पुढच्या रविवारी मी इंदापूरला गेलो. शेडला कुलूप होतं. आरशाचा दरवाजा परत कपाटाला लागला होता. दाजींनी माझ्याशी ऊस, पाऊस, शाळा यांवर गप्पा मारल्या. मैदानाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोही नसतो. पुढच्या वर्षी दाजींना पुण्याच्या मुख्य ऑफिसात बढती चालून आली. त्या फटक्यांचा कामाशी काही संबंध नव्हता. साहेबांना माणसाची किंमत कळत होती. ताईंना जायचं होतं. मुलांना जायचं होतं. दाजींनी मला बोलावून घेतलं आणि ओसरीवर बसवून म्हणाले, "मी न्हाय म्हणून कळवतोय, मास्तर. मोठ्या माणसांपुढं हुबं राहायचं काळीज मला न्हाय. कामाचं ठीक हाय, पर चार साहेब समोर बसले की माझा हात थरथरतो. शेडमधी दोनशे जायचा आन् तितं साठ. तुमी तर सोता मोजलंय. खरं का न्हाय?"

त्या क्षणी बोलायला काय लागणार होतं? एक वाक्य. स्वयंपाकघरातून भाजल्या वांग्याचा वास येत होता, ताई दाराआड उभ्या होत्या, आणि दाजी माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होते.

मी "होय" म्हणालो.

दाजींनी सुस्कारा टाकला. रोगाचं नाव कळल्यावर माणूस टाकतो तसा. मग म्हणाले, "चला, जेवूनच जावा." मी जेवलो. दोनदा वाढूनही घेतलं.

दाजी त्याच खरेदी विभागातून निवृत्त झाले. अजून इंदापुरातच असतात, हल्ली मधमाश्या पाळतात, आणि घरी येणाऱ्याला मध चाखल्याशिवाय सोडत नाहीत. पण कुणी अधिकारी माणूस दारात आला की पोराला पुढं करून स्वतः आत जातात, चहाचं बघतो म्हणून. मी ते इतकी वर्षं बघत आलो. त्यांच्या तोंडावर सांगायला मी पुष्कळदा निघालो आणि दर वेळी मधाची बाटली घेऊन परत आलो. म्हणून इथं लिहितोय. ताई त्यांना वाचून दाखवतील, माझं जे छापून येतं ते त्या जपून ठेवतात.

दाजी, पुण्याला त्या दिवशी तुमचा हात थरथरला नव्हता. शेडमध्येही तुमचा चेंडू साठच जायचा. नव्यानं शिकणाऱ्या कुणाचाही तेवढाच जातो.