बिनमार्कांचा पेपर

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि हैदराबादेतल्या आमच्या चिक्कडपल्लीच्या शाळेतली निम्मी मराठी मुलं वडिलांच्या बदलीबरोबर औरंगाबाद-मुंबईकडे गेली. वर्गात उरलो आम्ही सतरा जण. त्याच वर्षी शिक्षण खात्याने मराठीचा एक जादा पेपर घेतला. त्याचे मार्क निकालात धरणार नव्हते. आमचा मराठीचा वर्ग ठेवायचा की मोडायचा, हे त्या पेपरावरून ठरणार होतं. पण मराठीच्या बाईंनी ते आम्हाला सांगितलं नाही. स्वतःच्या नोकरीसाठी पोरांपुढे पदर पसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मार्क नाहीत म्हटल्यावर वर्गाने ताळ सोडला. कागदाच्या माथ्यावर सवयीने ‘श्री’ घातलं, खाली नाव लिहिलं आणि सगळे निघाले पेरू खायला. मीही काही हुशार नव्हते, गणितात काठावर पास होणारी. पण मला संताप आला होता. माझी आई ज्या भाषेत मला फैलावर घेते, तिला मार्क नाहीत? मग बघाच, म्हटलं. आठ पानं लिहिली, वर पुरवणी मागून घेतली.

आठवड्याने इन्स्पेक्टरसाहेब आले. सोळा कागदांवर नुसतं श्री आणि नाव, आणि एकच पेपर भरलेला. तो त्यांनी बाईंच्या टेबलावर टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, वर्ग मोडला तर नोकरी जाईल, म्हणून हा तुम्हीच लिहवून घेतलात. काय पणाला लागलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. मला राहवेना. मी उठले.

“साब, जिसके मार्कांच नईं, उसकी नकल कौन करते?”

साहेबांनी एक कोरा कागद माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, माझ्यासमोर लिहून दाखव. मी म्हटलं, लिहिते, पण सगळेच लिहितील. आणि मागे वळून पोरांकडे पाहिलं. एकानेही कुरकुर केली नाही. मधली सुट्टी बुडाली तरी सोळाही जण मान खाली घालून लिहीत होते.

वर्ग टिकला. साहेबांना उलटून बोलले म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी मला तासभर बाकावर उभं केलं, आणि मी मान ताठ ठेवून उभी राहिले. त्या पेपराचे मार्क मला आजतागायत कोणी सांगितलेले नाहीत. मीही विचारले नाहीत.